टीबीच्या पेशंटची शुगर-बीपी त्याच केंद्रात बघावी की नाही?

कोपरीकर
मामांच्या टीबीच्या गोळ्या जवळच्या नागरी आरोग्य केंद्रातून वेळेवर आणि फुकट मिळतात. आशाताई घरी येऊन विचारपूस करतात, तक्रार नाही. पण शुगर जुनी आहे, ती दाखवायला ‘मोठ्या हॉस्पिटलात जा’. मामा नाक्यावर उभे राहणारे. एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. टीबी निघाला की शुगर तपासायची, हे सरकारी कार्यक्रमातच आहे. तपासतातही. रिपोर्ट फाइलला लागला की विषय संपला! माझं म्हणणं, ती तिथेच, त्याच डॉक्टरांनी सांभाळावी.

सानपाडा_१२
विरोध. केंद्रात एकच मेडिकल ऑफिसर. ओपीडी, गरोदर बायका, लसीकरण, पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया, वर रिपोर्ट भरा. इन्सुलिन सुरू करायचं तर कुणी ठरवायचं? शिवाय डायबेटिसवाल्यांना टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट, आणि तुम्ही दोघांना एकाच बाकावर बसवणार.

ऐरोली मेडिकल
फार्मासिस्ट आहे, म्हणून बोलते. नेमाने औषध घेणाऱ्याकडून सहसा काही आठवड्यांत संसर्गाची भीती बरीच कमी होते. बाकावर धोका कुणाचा, तर महिनाभर खोकूनही बेडका न तपासलेल्याचा.

मला काळजी औषधांची वाटते. टीबीच्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिनमुळे लिव्हर बाकीची औषधं भराभर मोडतं. शुगरची ग्लिमेपिराइड कमी पडते, बीपीची अॅम्लोडिपिनसुद्धा. काउंटरवर स्ट्रिप आपटून विचारतात, ‘गोळी तीच, पथ्य तेच, मग उपाशीपोटी शुगर एवढी कशी?’ शुगरच्या डॉक्टरांना टीबीचं सांगितलेलंच नसतं, लाजेपोटी. लघवी लाल होईल, घाबरू नका, हे प्रत्येकाला सांगतात. शुगरची गोळी कमी पडेल, हे मात्र राहून जातं.

पुढे कोर्स संपतो, रिफॅम्पिसिन थांबते, पण शुगरच्या गोळीचा वाढवलेला डोस तसाच चालू. मग शुगर एकदम उतरते, घाम, थरथर, चक्कर. दोन दवाखान्यांच्या मधे हा माणूस कुणाचा?

सानपाडा_१२
ताई, हे पटलं. पण एवढं गुंतागुंतीचं असेल तर फिजिशियनच हवा ना? तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

वागळे इस्टेट
टीबीच्या पेशंटला सरकारकडून पोषणाचे महिन्याला 500 मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. चांगलंच आहे. पण टीबीवाले म्हणतात भरपूर खा, शुगरवाले म्हणतात भात बंद. बायकोने शिजवायचं काय?

तुर्भे नाका
सगळे शुगरवरच अडकलात. इकडे दगडखाणीत राबलेली माणसं आहेत. दगडाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, अशा फुफ्फुसात टीबी जास्त होतो. कोर्स पूर्ण, बेडका निगेटिव्ह, कार्डावर ‘बरा’. आणि गडी पाण्याचा हंडा घेऊन चाळीचा जिना चढताना दोनदा टेकतो. मग कुणीतरी बेडका न तपासता, जुना एक्स-रे बघून पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू करतो. याच्यासाठी तर फाइलसुद्धा नाही.

कोपरीकर
@सानपाडा_१२ रोज फिजिशियन कोण मागतंय? ग्लुकोमीटर केंद्रात आहे, शुगरची मेटफॉर्मिनही मिळते. अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवर, मोठ्या डॉक्टरांना विचारा. आठवड्यातली एक दुपार टीबीवाल्यांची शुगर, बीपी आणि धाप बघायला ठेवा. कोर्स संपल्यावरही त्याच दुपारी बोलवा, म्हणजे डोस कमी करायचं राहणार नाही, तुर्भेकरांची धापही कुणीतरी ऐकेल.

सानपाडा_१२
दुपार ठेवा म्हणणं सोपं आहे. कुठली ठेवायची? लसीकरणाची काढणार की गरोदर बायकांची?