मदत हवी आहे: राखेच्या विटांचे कोपरे झडताहेत

कामठीरोड: जानेवारीत औष्णिक केंद्रातल्या कोळशाच्या राखेपासून विटा करायचं मशीन टाकलं. पहिले दोन महिने माल चांगला निघाला. आता तेच मशीन, तीच माणसं, तेच प्रमाण, तरी कोपऱ्यावर अंगठा घासला की पूड निघते. काल एका साइटवरून अख्खी ट्रॉली परत आली. सोमवारी दुसरी गाडी द्यायची आहे. लवकर सांगा.

विटाळे: प्रमाण किती? चुना-जिप्समवर की सिमेंटवर? राख कोणती?

कामठीरोड: सिमेंटवर. राख नेहमीचीच.

विटाळे: नेहमीची म्हणजे बल्करमधून (बंद टँकरमधून) येणारी कोरडी की टिप्परमधली, राख साठवायच्या तलावातून काढलेली?

नंदनवन: भाऊ, नादी लागू नका. मी घर राखेच्या विटांत बांधलं, पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा. लाल वीट ती लाल वीट.

गिट्टीवाला: तुम्हाला ताज्या विटा मिळाल्या असतील. वाळताना आकसतात, मग जोड फाटतो. त्यात राखेचा दोष नाही. कामठीरोड, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरा, स्वस्त पडतं.

विटाळे: चूक. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख आधीच असते, वर तुम्ही अजून राख घालणार. विटेला ओपीसीच (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) घ्या.

गिट्टीवाला: सहा वर्षं पीपीसीवरच धंदा करतोय, एक वीट परत आली नाही.

विदर्भप्रेमी: ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर सगळी राख वापरात आणायची जबाबदारी टाकलीय. कोराडी-खापरखेड्याच्या परिसरातल्या प्रत्येकाने हे वाचलंच पाहिजे.

कामठीरोड: अधिसूचना नको, उपाय हवा. मार्चपासून टिप्परची घेतोय, स्वस्त मिळाली. ओलसर असते. पाणी दोनदा मारतो, आठव्या दिवशी गाडी भरतो.

विटाळे: मग प्रमाण तेच कुठे राहिलं? तलावाची राख भरड असते, चुन्याशी सावकाश जुळते. त्यात पाणी आधीच असतं, तुम्ही वरून पहिल्याएवढंच ओतता. शिवाय सिमेंटमधून सुटलेला चुना आणि राख एकमेकांना धरायला ओल लागते, दिवस लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्यावरची वीट तासाभरात कोरडी. शेड करा, ओलं गोणपाट टाका, २१ दिवस तराई करा, म्हणजे पाणी मारून ओल टिकवा. ओल्या राखेचं पाणी धरूनच मिक्सरमध्ये पाणी सोडा. आणि आज एक वीट पूर्ण वाळवून तोला, २४ तास बुडवा, पुसून परत तोला. वाढलेलं वजन म्हणजे विटेने शोषलेलं पाणी; राख-चुन्याच्या साध्या विटांना आयएस १२८९४ या भारतीय मानकात त्याला कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, तोच अंदाज धरा.

नंदनवन: लाल विटेलाही हीच परीक्षा लावा मग.

कामठीरोड: माझ्या विटेला लावली. कोरडी २.८ किलो, ओली ३.५. म्हणजे २५ टक्के. सोमवारची गाडी थांबवली. शेडसाठी हिरवी जाळी चालेल की पत्राच लागेल?