शब्दचर्चा : शेल स्क्रिप्टमधील बदलांच्या ‘रिव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (सांगली) :
नमस्कार. गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवलेल्या शेल स्क्रिप्टमध्ये (संगणकाला क्रमाने द्यायच्या आज्ञांच्या फाइलीत) कोणी बदल सुचवला, तर तो मुख्य शाखेत घेण्याआधी दुसऱ्या जाणकाराने ओळ न् ओळ वाचून अभिप्राय द्यायचा असतो. बोलताना आम्ही सगळेच त्याला ‘रिव्ह्यू’ म्हणतो आणि त्यावाचून काही अडत नाही. परंतु डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहायला घेतल्यावर एका प्रकरणात ‘समीक्षा’, दुसऱ्यात ‘पुनरावलोकन’ आणि तिसऱ्यात ‘तपासणी’ असे वेगवेगळे शब्द उतरले. एकच शब्द ठरवायचा तर कोणता घ्यावा आणि का, हे कृपया सांगावे.

उत्तर (मिरज) :
माझ्या मते ‘तपासणी’ पुरेसा आहे. विद्यार्थ्याला तो लगेच कळतो. ‘समीक्षा’ हा शब्द मराठीत कविता-कादंबऱ्यांच्या विवेचनाशी इतका बांधला गेला आहे की तो स्क्रिप्टला लावल्यास वाचक अडखळेल. ‘परीक्षण’ही पुस्तकाचे किंवा नाटकाचे होते, आणि तेही ते प्रसिद्ध झाल्यानंतर.

उत्तर (कऱ्हाड) :
मिरजकरांचे ‘समीक्षे’विषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ‘तपासणी’बद्दल मात्र माझा आक्षेप आहे, कारण ती शाळेची होते, दप्तराची होते, वीजमीटरची होते; म्हणजे जे आधीच अस्तित्वात आणि वापरात आहे, त्याची होते. शिवाय स्क्रिप्ट चालवून पाहणे, म्हणजे ‘टेस्टिंग’, यासाठी आपल्याला ‘चाचणी’ आणि ‘तपासणी’ हे दोन्ही शब्द लागतात. ‘पुनरावलोकन’ म्हणजे मागे वळून पुन्हा पाहणे, आणि न्यायालयातील ‘पुनर्विलोकन’ तर दिलेल्या निर्णयाचेच होते. येथे निर्णय अजून व्हायचा असतो. माझी शिफारस ‘छाननी’ या शब्दाची आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहिले की कारण पटेल. समजा, कमिट होण्याआधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदला जाण्याआधी, आपोआप चालणाऱ्या ‘प्री-कमिट हुक’ या स्क्रिप्टमध्ये कोणी बदल पाठवला. कमिटसाठी निवडलेल्या फाइलींची नावे गिटकडून घ्यायची, प्रत्येक फाइल तपासायची आणि काही चुकीचे आढळल्यास शून्याहून वेगळा निर्गमन-अंक (काम यशस्वी झाले की नाही हे स्क्रिप्ट संपताना सांगणारा अंक) देऊन कमिट थांबवायचे, एवढेच त्या स्क्रिप्टचे काम. पाठवणाऱ्याने सगळी नावे एका व्हेरिएबलमध्ये घेतली आणि ते व्हेरिएबल अवतरणचिन्हांविना फॉर-लूपला दिले. ‘ऊस नोंदणी’ अशा नावाची, मध्ये मोकळी जागा असलेली फाइल आली की शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या नावाचे दोन तुकडे करते, आणि स्क्रिप्ट अस्तित्वातच नसलेल्या दोन फाइली शोधत बसते. वाचणाऱ्याने ही ओळ अडवली, कारण लिहिले आणि बदल परत पाठवला.

दुसऱ्या खेपेला पाठवणाऱ्याने नावे ओळीओळीने वाचली. मोकळ्या जागेचा प्रश्न सुटला, तरीही देवनागरी नावाची फाइल सापडेना, कारण ‘कोअर-कोटपाथ’ ही सेटिंग मुळातच चालू असल्यामुळे गिट अशा नावातील प्रत्येक बाइट अष्टमान (आठच्या पायाच्या) अंकांत छापते. नुसता ‘ऊ’ हे एक अक्षर ३४०, २४४, २१२ अशा तीन अंकगटांत, प्रत्येकामागे उलटी तिरपी रेघ लावून, बाहेर पडते. ती सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर बंद केलेली असेल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून स्क्रिप्टमधील गिटच्या आज्ञेलाच ‘झेड’ हा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे नावे जशीच्या तशी, शून्य-बाइटने विलग होऊन मिळतात. आपल्याकडे फाइलींना मराठी नावे देण्याची पद्धत वाढत असताना ही गोष्ट पाहणारा माणूस फार मोलाचा आहे, आणि त्याच्या कामाला नेमके नाव मिळावे असे मला मनापासून वाटते.

आता या कामाचे घटक पाहावेत. स्वीकारण्यापूर्वी पाहणे, ठरलेल्या निकषांवर घासून पाहणे, कारण देऊन परत करणे आणि दुरुस्त होऊन आल्यावर पुन्हा पाहणे. कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जांची ‘छाननी’ होते तेव्हा यातील पहिल्या तीन गोष्टी जशाच्या तशा असतात, आणि हा शब्द आपल्या जिल्ह्यांत कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. निकषही तोंडी नसतात. गिट प्रकल्पाच्या स्वतःच्या लेखनसंकेतांत शेलसाठी नियम लिहून ठेवले आहेत : चौकटी कंसाऐवजी ‘टेस्ट’ वापरावे, उलट्या स्वल्पविरामांऐवजी डॉलर आणि कंस वापरावेत, केवळ बॅशला (शेलच्या एका प्रचलित प्रकाराला) कळणाऱ्या सोयी टाळाव्यात. शेवटचा नियम सोवळेपणाचा नाही. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर २००६ पासून ‘एसएच’ या शेलच्या सर्वसाधारण नावामागे डॅश हे शेल आहे, आणि बॅशची दुहेरी चौकटी कंसाची रचना तेथे चालतच नाही.

प्रश्न (सांगली) :
आपण दिलेल्या उदाहरणामुळे फरक स्पष्ट झाला; ‘छाननी’ स्वीकारतो. याच ओघात आणखी एक शंका आहे. ज्याची छाननी होते त्या ‘चेंज’ला ‘बदल’ म्हणावे, ‘दुरुस्ती’ म्हणावे की ‘फेरफार’?

उत्तर (तासगाव) :
‘दुरुस्ती’ म्हटले की आधी काही बिघडले होते असे ध्वनित होते. नवी सोय जोडली तर तो शब्द लागू पडत नाही. ‘फेरफार’ मोहात पाडणारा आहे, कारण गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. तेथे तलाठ्याने घेतलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच सातबारावर कायम होते, आणि गिटमधील क्रमही साधारण तसाच आहे. परंतु महसूल खात्याबाहेर ‘हिशेबात फेरफार’ म्हणजे लबाडी. सुरक्षेच्या प्रकरणात ‘स्क्रिप्टमध्ये फेरफार झाला’ हे वाक्य घुसखोरीबद्दल लिहावे लागेल, तेव्हा तो शब्द त्या अर्थासाठी मोकळा ठेवावा. साधा ‘बदल’ घ्यावा. ‘पॅच’ (बदललेल्या ओळी दाखवणारी फाइल) हा शब्द तसाच ठेवावा. ‘ठिगळ’ लिहिल्यास काम कमअस्सल वाटते.

उत्तर (वाई) :
एक पुरवणी. कमिटच्या संदेशाखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ आणि ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशा दोन ओळी असतात आणि मराठी मजकुरात दोन्हींसाठी ‘स्वाक्षरी’ लिहिलेले माझ्या पाहण्यात आले आहे. पहिली ओळ छाननी करणाऱ्याची असते. दुसरी मात्र, हा मजकूर या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, असे पाठवणाऱ्याने दिलेले प्रमाणन असते; लिनक्स कर्नलमध्ये ही पद्धत २००४ मध्ये आली. संदेशात या ओळी मूळ रूपातच ठेवाव्यात, कारण त्यांवर चालणारी साधने तेच शब्द शोधतात. मार्गदर्शिकेत समजावताना पहिलीला ‘छाननीची नोंद’ आणि दुसरीला ‘हक्काचे प्रमाणन’ असे लिहिले, तर विद्यार्थ्यांचा गोंधळ होणार नाही.