मदत हवी आहे : कोबीच्या रानात मिरची, मायकोरायझा परत कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातली काळी जमीन, सलग दोन हंगाम कोबी, आता मिरची. कोबीच्या मुळांत मायकोरायझा (मुळांत राहून झाडाला स्फुरद म्हणजे फॉस्फरस पुरवणारी) बुरशी वस्ती करत नाही, आणि जिवंत मुळाशिवाय ती वाढतही नाही. त्यात प्रत्येक पिकाला डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत; स्फुरद मुबलक असलं की झाडच तिला थारा देत नाही.

बांधाकडच्या ज्वारीची पांढरी, बारीक मुळं तपासली आहेत : १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, धुऊन, मग ५ टक्के काळी शाई घातलेल्या व्हिनेगरमध्ये ३ मिनिटं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे स्पष्ट दिसतात. म्हणजे बीज बांधावर आहे, रानात आणायचं आहे. (जाड, तपकिरी मुळं घेऊ नका, काही कळत नाही.)

ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सांगा : मिरचीआधी ज्वारीचं बिवड (फेरपालटीचं आधीचं पीक) ४५ दिवस पुरेल का, की फुलोऱ्यापर्यंत थांबावं? बांधाची मुळांसकट माती रोपांच्या ट्रेमध्ये मिसळली तर मर रोग आणि सूत्रकृमीही सोबत येतील, ही मोठी धास्ती आहे. विकतचं मायकोरायझा ट्रेमध्ये घातलं, तर रोपांना १९:१९:१९ हे विद्राव्य खत किती कमी करता? आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या आळवणीनंतर मायकोरायझा घालायला किती दिवस सोडता?