बांडुंग पायी बघायचंय, सोबत 71 वर्षांची आई – वाटा सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी जकार्ताला भावाकडे जातोय. त्यातले तीन दिवस बांडुंगसाठी राखून ठेवलेत. मागच्या खेपेला मी एकटी गेले होते, तेव्हा गाडी ठरवली आणि फसले. सकाळी ज्वालामुखी, दुपारी कपड्यांची आउटलेट्स आणि उरलेला सगळा वेळ ट्रॅफिक. शहर असं दिसलंच नाही. या वेळी गाडी नकोच, असं ठरवलंय.

बांडुंगच का, तर आईसाठी. तिचे वडील सांताक्रूझला विमानांच्या देखभालीच्या कामात होते. 1955 च्या एप्रिलमध्ये बांडुंग परिषदेसाठी (आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद) चिनी शिष्टमंडळातल्या लोकांना घेऊन हाँगकाँगहून जकार्ताला निघालेलं एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमानातल्या बॉम्बस्फोटामुळे नातुना बेटांजवळ समुद्रात कोसळलं. 19 पैकी 16 जण गेले. कॅप्टन जटार त्यातच गेले. अनंत कर्णिकांसह तिघे कर्मचारी वाचले. आजोबा पुढे आयुष्यभर 11 एप्रिलला देवापुढे एक समई जास्तीची लावायचे. ज्या परिषदेसाठी ते विमान निघालं होतं, ती जागा आईला डोळ्यांनी बघायची आहे. नेहरू आणि बाकीचे नेते साव्हॉय होमान हॉटेलातून सभागृहापर्यंत चालत गेले, तो रस्ता तिला स्वतः चालायचाय.

आई रोज पहाटे पर्वती चढते, त्यामुळे चालायची काळजी नाही. उतरताना मात्र गुडघा दुखतो. तर तिथले फुटपाथ कसे आहेत? परिषदेच्या इमारतीखेरीज मध्यवस्तीत पायी बघण्यासारखं आणखी काय आहे, विशेषतः जिथे टूरच्या गाड्या थांबत नाहीत असं? आणि आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. दोन वेळचं जेवण कसं जमवायचं?

पहिला प्रतिसाद

मी दोन वर्षं बांडुंगला राहिलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होमान ते गेडुंग मर्देका, म्हणजे तुमचं परिषदेचं सभागृह, हे अंतर पाच मिनिटांचंही नाही. पण घाई करू नका. होमानसमोर रस्त्याच्या कडेला शून्य किलोमीटरचा दगड आहे आणि शेजारी एक जुना वाफेवरचा रोडरोलर ठेवलाय. हा रस्ता म्हणजे डच गव्हर्नर डांडेल्सने दोनशे वर्षांपूर्वी जावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काढलेला टपालमार्ग. ‘मी परत येईन तेव्हा इथे शहर उभं असलं पाहिजे’ असं तो या जागी काठी रोवून म्हणाला, अशी आख्यायिका आहे. होमानची इमारतही निरखून बघा. 1939 ची आहे, कोपऱ्यावर लाटेसारखी वळलेली. आपल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींची सख्खी बहीण वाटते. गेडुंग मर्देका हा मुळात डचांचा क्लब. 18 ते 24 एप्रिल 1955 या आठवड्यात तिथे 29 देश एकत्र बसले. आत आता परिषदेचं संग्रहालय आहे. कुठल्या वारी उघडं असतं ते आधी बघून घ्या.

तिथून मागे बांचेउय रस्त्यावर या. तिथे दुकानांच्या गर्दीत एक कोठडी एकटी उभी आहे. तुरुंग पाडला, तेवढी खोली ठेवली. 1929 च्या अखेरीस पकडल्यावर सुकार्नोंना, म्हणजे इंडोनेशियाच्या पुढच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, इथे डांबलं होतं. आत एक अरुंद खाट मावेल एवढीच जागा आहे. कोर्टातल्या बचावाचं भाषण त्यांनी शौचाच्या डब्याचं मेज करून लिहिलं, असं सांगतात. पत्नी इंगित अंडी आणून द्यायची आणि ते कवचावरून बोट फिरवून बघायचे. सुईचं एक भोक म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे कुणी साथीदार पकडला गेला, तीन म्हणजे मोठी धरपकड. मी गेले तेव्हा समोर एकजण टेबलावर मोबाईल दुरुस्त करत बसला होता, आत मी एकटीच होते. खूप वेळ पाय निघाला नाही.

त्याच रस्त्यावर 1930 पासूनचं ‘कोपी आरोमा’ आहे. इथे कॉफी प्यायला मिळत नाही, फक्त विकत मिळते. दाणे गोणपाटात वर्षानुवर्षं मुरवतात, रोबस्टा पाच वर्षं आणि अरेबिका आठ. दाराशी उभं राहिलं तरी वास येतो.

मग ब्रागा रस्ता धरून उत्तरेला चला. वाटेत रेल्वेचं फाटक लागेल, तिथे जरा थांबा. 1945 च्या शेवटी, महायुद्ध संपल्यावर इथे आलेल्या ब्रिटिशांनी याच रुळांवरून शहराचे दोन भाग केले आणि उत्तरेकडून इंडोनेशियन लोकांना बाहेर काढलं. ब्रिटिशांच्या वतीने आलेली 37 वी ब्रिगेड आपल्याच भारतीय सैन्याची होती, त्यात गुरख्यांच्या पलटणी होत्या. त्याच डिव्हिजनची मराठा पलटण तिकडे सुराबायात लढली. 24 मार्च 1946 च्या रात्री दक्षिण बांडुंगच्या लोकांनी ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून आपली घरं स्वतःच्या हातांनी पेटवली आणि डोंगराकडे चालत निघून गेले. आपण परिषदेतल्या नेहरूंचीच आठवण काढतो. ही दुसरी आठवणही आईंना जरूर सांगा. फाटक ओलांडून थोडं पुढे गेलं की जुनं न्यायालय लागतं, जिथे 1930 मध्ये सुकार्नोंनी ते भाषण केलं. आता त्या इमारतीला भाषणाचंच नाव आहे, ‘इंडोनेशिया मंगुगात’, म्हणजे इंडोनेशिया आरोप करतो.

एवढ्याला सावकाश चालून एक सकाळ लागते आणि चढ जवळजवळ नाही. फुटपाथ आशिया-आफ्रिका रस्त्यावर (होमानसमोरचा तोच) आणि ब्रागावर चांगले आहेत, बाकी ठिकाणी बेभरवशाचे. गल्लीला तिकडे ‘गांग’ म्हणतात. गांगमधून जाताना दारात माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली धरून ‘पुंतेन’ म्हणायचं. समोरून ‘मांगा’ येतं. परक्याच्या तोंडून सुंदानीज, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेतला, शब्द ऐकला की लोक फार खूश होतात, आईंना हमखास बसायला देतील.

दुसऱ्या दिवशी शहराच्या उत्तरेला दागोच्या वरच्या जंगलात जा. डच आणि जपानी अशा दोन गुहा आहेत. जपानी गुहा वेठबिगारांकडून खोदून घेतलेली आहे. तोंडाशी विजेरी भाड्याने मिळते. पुढे मारिबायापर्यंत पाच किलोमीटरच्या वर पायवाट आहे, पण गुडघ्याचा विचार करता गुहा बघून मागे फिरा. परतताना आंकोत घ्या, म्हणजे आपली शेअर रिक्षा. उतरायचं असलं की ‘किरी’ म्हणायचं.

दुसरा प्रतिसाद

जेवणाचं सांगतो. लोतेक म्हणजे उकडलेल्या भाज्या दाण्याच्या वाटणात, कारेदोक म्हणजे तेच कच्च्या भाज्यांचं. दोन्ही समोर दगडी पाट्यावर वाटून देतात, त्यामुळे आधी सांगता येतं. ‘तान्पा तेरासी’ म्हणा. तेरासी म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण, ते चिमूटभर असलं तरी वास लपत नाही. अंड्याला ‘तेलुर’, तेही नको म्हणा. सकाळी निखाऱ्यावरच्या मातीच्या खापरीत सुराबी करतात, तांदळाच्या पिठाची. किंचा म्हणजे गुळाचा रस घालून घ्या. आईंना कोकणातलं रस-घावन आठवेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. अंड्यांच्या भोकांपाशी तिने मला थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. मग रेल्वे फाटकाचंही.

पहिली सकाळ अगदी तुम्ही सांगितल्या क्रमाने करणार. आता एकच विचारायचंय. गेडुंग मर्देकातल्या संग्रहालयात ‘काश्मीर प्रिन्सेस’चा काही उल्लेख, फोटो, निदान एखादी ओळ कुणी पाहिली आहे का? असेल तर कुठल्या दालनात? आईला थेट तिथे नेईन.