मदत हवी आहे: एकाच पाण्यात क्लोरिनचे तीन वेगवेगळे आकडे

मोरपंखी
घरच्या स्विमिंग पूलचा क्लोरिन मोजून मोजून मेटाकुटीला आलेय. आज सकाळी किटवर १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) आला. खात्री करावी म्हणून लगेच परत मोजला तर ३. मधे पाच मिनिटंही गेली नव्हती, पाण्यात काही टाकलं नव्हतं, कुणी उतरलंही नव्हतं. मग स्ट्रिप (रंग बदलणारी चाचणीपट्टी) बुडवली तर ५! आठवडाभर हेच चाललंय. यातला खरा आकडा कुठला? मुलं कपडे बदलून बसली आहेत, त्यांना पाण्यात सोडू की नको एवढं कुणीतरी पटकन सांगा. आगाऊ धन्यवाद.

कवडसा
ताई, किट कोणतं ते लिहिलंच नाही. रंग पिवळा येतो की गुलाबी? पूल केवढा? क्लोरिन कुठल्या रूपात टाकता? नमुना कुठून घेता? हे कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंदाजपंचे. तोवर मुलांना बाहेरच ठेवा.

जलतरंग
मिठाची यंत्रणा बसवून टाका, कटकटच मिटते. आमच्याकडे तीन वर्षं झाली. गोळ्या नाहीत, बाटल्या नाहीत.

कवडसा
@जलतरंग, ती यंत्रणा मिठापासून क्लोरिनच तयार करते. किती तयार झाला हे मोजावं लागतंच. मोजणीच चुकत असेल तर यंत्रणा कमी-जास्त कशाच्या आधारावर करणार?

जलतरंग
मी महिन्यातून एकदा मोजतो. आजवर काही बिघडलेलं नाही.

मोरपंखी
मीठ नकोय मला! आहे त्या किटचं सांगा. रंग गुलाबी येतो. पूल ८ × ४ मीटर, खोली सरासरी दीड. ट्रायक्लोरच्या गोळ्या स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीत असतात. अजून काय हवं?

पाणकणीस
पाणी हिरवट झालं असेल तर आधी फिल्टर बॅकवॉश करा (उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा) आणि भिंती ब्रशने घासून काढा. शेवाळ क्लोरिन खात राहतं. मी दर आठवड्याला घासतो.

मोरपंखी
पाणी हिरवं आहे असं मी कुठे म्हटलं? तळाच्या फरशीचे सांधे मोजता येतील इतकं स्वच्छ आहे. वास मात्र हल्ली फार येतो, क्लोरिन जास्त झाल्यासारखा.

शिंपला
तो वास क्लोरिन जास्त झाल्याचा नसतो. घाम, लघवी यांच्याशी क्लोरिन जोडला गेला की क्लोरामाइन बनतात, त्यांचा तो वास. ही खूण महत्त्वाची आहे.
आणि स्ट्रिप सोडून द्या. माझी बायको ३ वाचायची तिथे मी ५ वाचायचो, एकाच स्ट्रिपवर.

ओलेती
स्ट्रिपला उगाच नावं ठेवू नका. सहा वर्षं वापरतेय. डबीत ओली बोटं घालायची नाहीत, बाहेर काढल्यावर झटकायची नाही, आडवी धरायची आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच वाचायची. लोक मिनिटभर गप्पा मारून मग रंग बघतात. शिवाय तिच्यावर मोकळ्या (कामाला शिल्लक असलेल्या) आणि एकूण (मोकळा अधिक क्लोरामाइनमध्ये अडकलेला) क्लोरिनचे दोन वेगळे चौकोन असतात. मोरपंखीताई, तुम्ही ५ कुठल्या चौकोनावर वाचला?

शिंपला
सगळं पाळलं तरी तक्त्यावर १, ३, ५, १० असे टप्पेच असतात. मधलं डोळ्यांनी ठरवायचं. त्यापेक्षा थेंब मोजायचं किट घ्या. १० मिलि पाण्यात पावडर टाकून गुलाबी करायचं आणि रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. छटा जुळवायची भानगडच नाही.

ओलेती
रोज सकाळी तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो हो.

कवडसा
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना, चांगला विषय आहे. मोरपंखीताई, नळी हातात घेतल्यापासून काय काय करता ते क्रमाने लिहा. क्षुल्लक वाटलं तरी वगळू नका.

मोरपंखी
पायऱ्यांवर उभी राहून नळी भरते. पहिल्या बाटलीचे पाच थेंब, दुसरीचे पाच. अंगठ्याने तोंड दाबून हलवते. गुलाबी झालं की तक्त्याला लावून वाचते. मग त्यातच तिसऱ्या बाटलीचे पाच थेंब टाकून पुन्हा वाचते. ओतून देते, तीच नळी पुलातून भरते आणि परत पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी आकडा नेहमी वाढलेलाच असतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. आणि ओलेतीताई, दोन चौकोन आहेत हे खरंच माहीत नव्हतं. मी जास्त गडद होता तो वाचला.

कवडसा
सापडलं! पहिल्या दोन बाटल्या मोकळा क्लोरिन दाखवतात. तिसरीत पोटॅशियम आयोडाइड असतं. त्याच्यामुळे क्लोरामाइनसुद्धा रंग देतात, म्हणून तो आकडा एकूण क्लोरिनचा. नळी नुसती ओतली की काचेला तिसऱ्या बाटलीचा अंश चिकटून राहतो, आणि पुढच्या वेळी पहिल्याच पायरीवर एकूण आकडा दिसायला लागतो. तुमचा ३ तिथून आलाय.
नळी आणि झाकण प्रत्येक वेळी पुलाच्याच पाण्याने चारपाचदा खळखळून धुवा. अंगठा नको, त्यावर घाम, सनस्क्रीन काहीही असतं. पायऱ्यांवरून नको, पाणी परत येतं त्या जेटपासून लांब जाऊन कोपरभर खोलीतून घ्या. थेंब टाकताना बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो.

शिंपला
+१. आणि बाटल्या उन्हात ठेवू नका. माझ्या पंपघरात तापून निकामी झाल्या होत्या.

मोरपंखी
तीनदा केलं. मोकळा १, १, १. एकूण ३, ३, ३. आठवड्यात पहिल्यांदा आकडे जुळले! कवडसा, मनापासून आभार. मग मुलांना सोडू?

कवडसा
नाही ताई. ३ वजा १, म्हणजे २ पीपीएम क्लोरिन क्लोरामाइनमध्ये अडकलाय. वास त्याचाच. तो अर्ध्याच्या खाली हवा. शॉक द्यावा लागेल, म्हणजे एकदम भरपूर क्लोरिन. स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरिन टिकवणारं सायन्युरिक ॲसिड) किती आहे?

मोरपंखी
गढूळ पाण्यातून काळा ठिपका बघायची ती टेस्ट ना? ४० वर ठिपका दिसेनासा झाला.

कवडसा
स्टॅबिलायझर जितका जास्त तितका शॉकला क्लोरिन जास्त लागतो; ४० असेल तर मोकळा क्लोरिन साधारण १६ पर्यंत न्यायचा. तुमचं पाणी ४८,००० लिटर, १ पीपीएम वाढवायला ४८ ग्रॅम क्लोरिन. १५ ने वाढवायला ७२० ग्रॅम, म्हणजे ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडर सुमारे १.१ किलो. ऊन उतरल्यावर, पंप चालू ठेवून, थोडी थोडी करून. पावडर बादलीतल्या पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही पावडर स्किमरमध्ये अजिबात टाकू नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. डबे, चमचे, बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवा.

ओलेती
पीएच आधीच मोजून ७.२ च्या आसपास आणा. क्लोरिन १० च्या वर गेला की पीएचचा रंगही खोटा येतो.

मोरपंखी
रात्री पावडर टाकली, दोन तासांनी मोजलं. गुलाबी रंग क्षणभर चमकला आणि नळीतलं पाणी बिनरंगी झालं. क्लोरिन शून्य? सगळा उडाला की काय?

शिंपला
उडाला नाही, उलट भरपूर आहे. इतका क्लोरिन असला की तो रंगच पुसून टाकतो. एक भाग पुलाचं पाणी, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर घेऊन मोजा आणि आलेल्या आकड्याला चारने गुणा.

मोरपंखी
केलं. ४ आला, म्हणजे १६. मुलांना सांगितलंय, एकूण आणि मोकळ्यातला फरक अर्ध्याच्या खाली येईपर्यंत आणि मोकळा ४ वर उतरेपर्यंत पाण्याकडे फिरकायचं नाही. सकाळी नळी धुऊन परत मोजते आणि इथेच टाकते.