सौमित्र चटर्जींचे पाच चित्रपट दाखवायचेत: कोणते, कोणत्या क्रमाने?

एरंडवणे_कट्टा:
आमच्या वाचनकट्ट्यातर्फे पाच रविवार बंगाली अभिनेते सौमित्र चटर्जींचे चित्रपट दाखवायचं घाटतंय. सोसायटीचा हॉल, साठेक खुर्च्या, प्रोजेक्टर आणि १२ फूट रुंद पडदा. तिकीट नाही. त्यांनी रंगवलेला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा बऱ्याच जणांना ठाऊक आहे, बाकी पाटी कोरी. सगळे राय यांचेच घ्यावेत का? एक पानी माहितीपत्रकही काढायचंय.

जुनी_रिळं:
पाचही राय यांचे अजिबात नकोत. त्यांच्याकडे सौमित्रांनी १४ चित्रपट केले. तेवढेच पाहिले की हा माणूस म्हणजे हळवा, सुशिक्षित बंगाली बाबू असा शिक्का बसतो.

पहिला 'अपूर संसार' (१९५९), पदार्पणाचा. त्याआधी ते आकाशवाणी कोलकात्यावर निवेदक होते. अपूच्याच आधीच्या चित्रपटाच्या, 'अपराजितो'च्या वेळीच राय यांच्यासमोर गेले होते, पण त्यातल्या अपूच्या मानाने वयाने मोठे दिसत होते. बायको गेल्याची बातमी घेऊन मेहुणा येतो तो प्रसंग नीट बघायला सांगा. अपू रडत नाही, ओरडत नाही, बातमी आणणाऱ्यालाच थोबाडीत देतो.

दुसऱ्याच रविवारी 'झिंदेर बंदी' (तपन सिन्हा, १९६१). दुहेरी भूमिकेत बंगालीतला मोठा नायक उत्तमकुमार, आणि सौमित्र चक्क खलनायक मयूरवाहन. दोन वर्षांपूर्वीचा अपू तो हाच, हे लोकांना सांगावं लागेल. कादंबरी शरदिंदु बंद्योपाध्याय यांची, गुप्तहेर ब्योमकेश बक्षीचे जनक. ते १९५२ पासून पुण्यातच राहत होते, तेव्हा दोन वाक्यं त्यांच्यावर बोलायला हरकत नाही.

मग 'चारुलता' (१९६४). अमल घरात येतो तो वादळाबरोबर, मोठ्याने 'हरे मुरारे' म्हणत. कथा १८७९ च्या सुमाराची. रवींद्रनाथांच्या अक्षराची छाप बंगालवर पडली ती नंतर. म्हणून राय यांनी सौमित्रांकडून जुन्या वळणाचं अक्षर घटवून घेतलं. बागेत चारू झोक्यावर आणि अमल चटईवर लिहीत पडलेला असतो, तिथे वहीकडे लक्ष ठेवा.

चौथा 'सोनार केल्ला' (१९७४), फेलूदाचा, मुलांना घेऊन या म्हणावं. शेवटी 'मयूराक्षी' (अतनु घोष, २०१७): स्मृती विस्कटत चाललेले निवृत्त प्राध्यापक आणि परदेशातून आलेला मुलगा. 'अभिजान' (१९६२) मला फार आवडतो, दाढीवाला टॅक्सीचालक नरसिंग आणि समोर वहिदा रहमान. पण अडीच तासांचा आहे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लोक चुळबुळ करतील.

पर्वती_पायथा:
यादी चांगली आहे, पण शेवट 'मयूराक्षी'ने नको, 'कोनी'ने करा. त्यात ते वस्तीतल्या मुलीला घडवणारे पोहण्याचे प्रशिक्षक आहेत, खिद्दा. कळकट धोतर, चष्मा आणि काठावरून सतत आरडाओरडा. राय यांच्या कुठल्याही चित्रपटात एवढ्या चढ्या पट्टीत ते बोललेले नाहीत. बंगालमध्ये 'फाइट कोनी, फाइट' अजूनही लोकांच्या तोंडी आहे.

आणि पत्रकात 'नायक' टाकू नका. राय यांचा असला तरी तो उत्तमकुमारचा. ही गल्लत नेहमी होते.

एरंडवणे_कट्टा:
'कोनी' नक्की बघतो. आज चाचणी घेतली. 'अपूर संसार'मध्ये सगळे बुटके आणि रुंद दिसतात. शिवाय सबटायटल सुरुवातीला बरोबर, अर्ध्या तासानंतर संवाद संपल्यावर येतात. काय बिघडलंय?

डेक्कन_प्रोजेक्शन:
दोन वेगळे घोळ आहेत.

चित्र जुन्या १.३७:१ मापाचं आहे, प्रोजेक्टर ते १६:९ मध्ये ताणतोय. 'फुल' किंवा 'स्ट्रेच' काढून 'ऑटो' किंवा '४:३' करा. १२ फुटी पडद्याची उंची पावणेसात फूट, म्हणजे चित्र साधारण सव्वानऊ फूट रुंद पडेल आणि दोन्ही बाजूंना मिळून पावणेतीन फूट रिकामं राहील. तिथे काळं कापड लावा, राखाडी पट्ट्या डोळ्यांत खुपतात. 'झूम' मात्र करू नका, कपाळं आणि हनुवट्या कापल्या जातात.

सबटायटल हळूहळू मागे पडतात, म्हणजे वेगाचा फरक. तुमची प्रत बहुधा पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवरून घेतलेली आहे: सेकंदाला २५ चौकटी. सबटायटल २४ च्या प्रतीवरून बनवलेत. एकूण लांबी बघा. १०५ मिनिटांऐवजी १०१ च्या आसपास असेल तर हेच कारण. व्हीएलसीत जी आणि एच दाबून उपयोग नाही, त्याने सगळंच सारखं सरकतं आणि पुन्हा घसरतं. 'सबटायटल एडिट' या प्रोग्राममध्ये फाइल उघडून फ्रेम रेट २४ वरून २५ करा, सगळ्या वेळा ०.९६ पटीने आखडतील. त्याहून चांगलं म्हणजे २४ ची प्रत मिळवा, कारण पाल प्रतीत आवाजही किंचित वर चढतो. रेडिओवर कमावलेला आवाज पातळ होऊन ऐकण्यात काय हशील?

जुनी_रिळं:
२०१५ साली आलेली, डागडुजी केलेली ४के प्रत मिळाली तर तीच घ्या. अपूच्या तिन्ही चित्रपटांची मूळ निगेटिव्ह १९९३ च्या लंडनच्या आगीत होरपळली होती. 'अपूर संसार'ची तर कामाचीच उरली नाही, म्हणून फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्युप निगेटिव्ह या फिल्मवरच्या नकलांवरून प्रत उभी केली.

पत्रकासाठी: जन्म १९ जानेवारी १९३५, निधन १५ नोव्हेंबर २०२०. पद्मभूषण २००४, फाळके पुरस्कार २०११ सालचा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार राय यांच्या एकाही चित्रपटाला नाही, तो 'पदक्षेप'साठी मिळाला, सत्तरी ओलांडल्यावर. निर्माल्य आचार्यांबरोबर 'एक्षण' नियतकालिक चालवलं तेही लिहा. नाटकाला एक ओळ पुरणार नाही. बंगाली रंगभूमीवरच्या शिशिरकुमार भादुडींना गुरू मानायचे, पंचाहत्तरीत शेक्सपिअरचा 'राजा लियर' उभा केला. इथल्या लोकांना श्रीराम लागूंचा 'नटसम्राट' आठवेल, आठवू द्या.

डेक्कन_प्रोजेक्शन:
हक्कांचं राहिलं. तिकीट नसलं तरी घरगुती स्ट्रीमिंगच्या वर्गणीवर हॉलमध्ये दाखवता येत नाही. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. त्यामुळे 'अपूर संसार', 'झिंदेर बंदी' आणि 'चारुलता' यांची मुदत संपली आहे, पण सबटायटलचे हक्क वेगळे असू शकतात. 'सोनार केल्ला' आणि शेवटचा जो ठरेल तो, या दोन्हींसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. ती यायला वेळ लागतो, पत्र याच आठवड्यात टाका.