यूपीआय आलं, बँकवाले निवांत झाले म्हणे?

काउंटर नं. 3:
लालबागच्या एका ब्रँचला आहे, बँकेचं नाव नको. नातेवाईक म्हणतात आता सगळं फोनवर, तुम्हाला काय काम! अहो कॅश कमी झाली खरी, पण काल भाजीवाल्या मावशी आल्या, साउंडबॉक्स "चारशे रुपये प्राप्त" म्हणाला आणि पासबुकात नाहीत, मी त्यांच्या फोनमध्ये व्यवहाराचा 12 आकडी नंबर शोधतोय, तेवढ्यात सिस्टीम हँग, मागे लाइन, आणि व्हॉट्सॲपवर वरून मेसेज, आज बँकेचं ॲप किती जणांच्या फोनमध्ये टाकलं? पंचवीस मिनिटं गेली मावशींपायी, रिपोर्टमध्ये माझं काम शून्य. यात परफॉर्मन्स काय डोंबल दिसणार.

लेजरवाले काका:
आमच्या वेळी जून-डिसेंबरला बचत खात्याचं व्याज हाताने लावायचो, टॅली करताना 10 पैशांचा फरक आला की शेवटची कर्जत लोकल ठरलेली. 1983 ला बँकांत मशीनं आणायचा करार झाला तेव्हा विरोधात घोषणा देणाऱ्यांत मीही होतो, आता हसू येतं. तुम्हीही हसाल.

रांगेतला:
काकांशी सहमत. माझे भावाला पाठवलेले पैसे अडकले. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत परत नाही आले तर पुढे रोजचे 100 रुपये. हे काउंटरवरच्या साहेबांना मी शिकवलं!! स्ट्रेस कसला, शिकायचंच नाही.

काउंटर नं. 3:
नियम पाठ आहे हो, दुकानदाराला दिले असतील तर 5 दिवस हेही सांगतो. पण माझ्या स्क्रीनवर नुसतं "पेंडिंग" दिसतं, पुढचं मलाही टोल फ्रीलाच विचारावं लागतं. आणि ट्रेनिंग म्हणजे डबा खाताखाता व्हिडिओ संपवून सर्टिफिकेट काढायचं. 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय ठप्प झालं, दुसरा शनिवार, ब्रँच बंद, तरी सोसायटीतले माझ्याच दाराशी. काका, लेजर रात्री बंद तरी व्हायचं.

बॅक ऑफिसवाली:
ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात यूपीआयवरच्या व्यवहारांची संख्या 2000 कोटींच्या वर गेली, यातले थोडे जरी स्लिप भरून आले असते तर मेला असतास. ॲपला शिव्या कशाला, टार्गेटवाल्यांना घाल की.

काउंटर नं. 3:
त्यांना घालायला ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं 😅

लेजरवाले काका:
ते असो, मावशींच्या चारशेचं काय झालं?

काउंटर नं. 3:
साउंडबॉक्स घेताना मुलाने स्वतःचं खातं जोडलेलं. चार महिने धंदा त्याच्याकडे जमा होत होता. मावशी काही बोलल्या नाहीत, पासबुक पिशवीत टाकलं नि गेल्या.